दोन इस्पिकची उडी

सांगली
२ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

"तोंडी सांगितलेलं माझ्याजवळ ऱ्हात न्हाई असं तूच चार माणसांत म्हणालीस. आता काय सांगायचं असंल ते लिहून पाठव," असं म्हणून तुम्ही बुधवारी फोन ठेवलात. तेव्हापासून तो बंद आहे. साताऱ्याच्या घराला कुलूप आहे आणि तुम्ही मेढ्याला बनुआत्याकडे गेला आहात, हे दादाकडून कळलं. म्हणून लिहिते आहे.

१९ जानेवारी, सांगलीची जोड्यांची ब्रिज स्पर्धा, जेवणानंतरचं सत्र, पंचविसावा डाव, म्हणजे बोर्ड. मी एक चौकटने सुरुवात केली. एक्के-राजे-राण्या-गुलाम मिळून माझ्याकडे बारा पॉइंट होते. तुम्ही बोलीच्या बॉक्समधून दोन इस्पिकचं कार्ड काढून ठेवलंत. एक इस्पिक म्हणून भागत असताना दोन म्हटलं, म्हणजे उडी मारली. तुमच्या पलटणीतल्या पद्धतीत उडी म्हणजे सतरा पॉइंटांच्या वरचा भक्कम हात. आपल्या जोडीच्या बोलींचे अर्थ लिहिलेल्या कार्डावर मात्र दोन वर्षांपासून उलटं आहे: उडी म्हणजे एका बाजूची सहा पानं आणि पाचाच्या आत पॉइंट, समोरच्यांची वाट अडवण्यापुरती. ते कार्ड मी टाइप केलं, छापलं आणि आमच्या लॅबच्या मशीनवर लॅमिनेट केलं. तुम्ही तेव्हा हरकत घेतली नव्हती. "कमजोर माणूस उडी मारतो व्हय गं?" एवढंच म्हणाला होतात, आणि हसला होतात.

विट्याच्या शिवतेजने नियमाप्रमाणे मला अर्थ विचारला. मी सांगितलं, "कमजोर. पाचाच्या आत." ते ऐकून त्याने तीन बदाम म्हटलं. तुम्ही डबल केलंत, म्हणजे तो बुडेल यावर दुप्पट लावलंत. त्याचे चार हात कमी पडले आणि आपल्याला अकराशे मिळाले. तुमच्याकडे एकोणीस पॉइंट होते.

शेवटचं पान पडेपर्यंत तुम्ही गप्प बसलात. जोडीदाराने अर्थ चुकीचा सांगितला तरी बचाव करणाऱ्याने डाव संपेपर्यंत तसंच बसायचं असतं. मग तुम्ही स्वतः हात वर करून डायरेक्टरना, म्हणजे पंचांना, बोलावलंत. जोतीराम सर आले. तुम्ही उभे राहून म्हणालात, "माझ्या पार्टनरनं चुकीचा अर्थ सांगितला. उडी ताकदीची हाय. आज सकाळीच बदललंय."

सरांनी कार्ड पाहिलं. "इथं तर कमजोर छापलंय, कॅप्टनसाहेब."

"छापलंय ते जुनं. सकाळी पेठ नाक्यावर चहा पिताना ठरलं. हिला विचारा की."

सरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "कार्ड बरोबर आहे. आप्पा विसरले असतील."

नियम स्पष्ट आहे. समोरच्यांना आपला करार कळण्याचा हक्क असतो, आपली पानं कळण्याचा नाही. मी करार चुकीचा सांगितला असता तर त्यांचं नुकसान भरून द्यावं लागलं असतं. तुम्ही करार विसरून बोली दिली असेल तर ते त्यांचं नशीब. सरांनी निकाल तसा दिला. शिवतेज म्हणाला, "विसरायचंच असेल तर असं अकराशेचं विसरावं, कॅप्टनसाहेब!" टेबल हसलं. मीही हसले असेन. तुम्ही खाली बसलात आणि म्हणालात, "तू म्हणतीस म्हंजे तसंच असंल."

आपला दुसरा क्रमांक आला. चषक माझ्या खोलीवर ठेवून तुम्ही एकटेच जीप घेऊन साताऱ्याला गेलात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कार्डावर जे आहे तो करार. पेठ नाक्यावरच्या बोलण्याची माझ्याकडे नोंद नाही.

क्रांती


सांगली
९ फेब्रुवारी

आप्पा,

पहिलं पत्र पोचल्याची पावती आली, उत्तर आलं नाही. काल आत्याला फोन केला. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"पत्त्यानला हात लावत न्हाई त्यो. धनाजी साताऱ्यावनं दोनदा फोन करून ऱ्हायला, गुरवारी तिघंच बसत्यात म्हणं, चौथा न्हाई. ह्यो म्हणतो, मला आता जमायचं न्हाई. आन् आगं, वही केलीया त्यानं. समदं लिवतोय. दुपारी काय जेवला ते बी लिवतोय. काल मी म्हणलं, मानसिंग, शेंगांची चटणी लिवलीस का? तर वही उघडून बगतोय की खरंच!"

ती हसत होती. मी हसले नाही.

दादाचं काय ठरलं आहे ते तुम्हाला कळवायला हवं, कारण त्यात माझं नाव आहे. ९ मार्चला रविवारी तो गाडी घेऊन येणार, तुम्हाला पुण्याला नेणार. साताऱ्याचं घर बंद, जीप विकायची, तुम्ही कायमचे त्याच्या फ्लॅटमध्ये. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, स्मरणशक्ती तपासणाऱ्या. मला म्हणाला, "आई गेल्यापासून माझ्या मनात होतंच. पण तू सांगितलंस तेव्हा खात्री पटली. तू काही उगीच बोलणारी नाहीस."

मी त्याला स्पर्धेच्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. झालं तेवढंच सांगितलं होतं. मग त्याने मोजायला सुरुवात केली. दिवाळीत गॅस चालू राहिला. मोटर बंद करायची राहिली, टाकी वाहिली. नातीला शिवांजली म्हणायच्या ऐवजी तिच्या बहिणीच्या नावाने, समीक्षा म्हणालात. आमच्या लॅबमध्ये नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात की गेज, म्हणजे मोजायचं उपकरण, तपासताना आधीचं रीडिंग बघायचं नाही. बघितलं की डोळा त्याच आकड्यावर जाऊन थांबतो. दादाने आधीचं रीडिंग बघितलं आहे. ते मी दिलं.

तुम्ही दादाला हो म्हणालात म्हणे. "पोरगी म्हणतीय तर तपासून घिऊ," असं. तुम्ही भांडाल असं मला वाटलं होतं. नऊ वर्षं एकट्याने लेहला काढलेला माणूस फ्लॅटमध्ये जायला लगेच हो म्हणेल, हे माझ्या गणितात नव्हतं.

या आठवड्यात उपकरणांची तीन सर्टिफिकेटं मी सही करून परत मागवली. तिन्हीत चूक नव्हती.

क्रांती


सांगली
१६ फेब्रुवारी

आप्पा,

काल मी साताऱ्यापर्यंत आले होते. मेढ्याच्या गाडीत बसलेही. शेजारी एक बाई कोंबडी टोपलीत घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुणाकडं निघालीस बाय?" मी म्हणाले, वडिलांकडे. "मग आशी परीक्षेला निघाल्यागत का बसलीयास?" कंडक्टर चढला आणि मी उतरले. सांगलीची गाडी सुटायला वेळ होता. स्टँडवर फेऱ्या मारल्या, चौदा की पंधरा. परतीच्या वाटेत कऱ्हाडलाही उतरून दुसरी गाडी धरली, कारण नसताना.

पहिल्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. माझ्याकडे प्रत असते. "नोंद नाही" असं लिहिलं आहे. ते खरं आहे. नोंद नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही, हेही खरं आहे, आणि ते मी लिहिलं नाही.

पेठ नाक्यावर उड्यांबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं. माझा फोन हातात होता, फाउंड्रीतून कामाचे मेसेज येत होते. तुम्ही बोलत होतात.

आज एवढंच.

क्रांती


सांगली
२२ फेब्रुवारी

आप्पा,

तुमचं पोस्टकार्ड आलं. एक ओळ: "पेठ नाक्याला आपण थांबलो होतो का, एवढंच कळव." खाली 'आप्पा' नाही. 'मानसिंग'.

तुम्ही काय बोललात हे विचारलं नाही. मी काय म्हणाले हेही नाही. थांबलो होतो का. म्हणजे तुम्ही इतके मागे गेला आहात. तो चहा, ते बाकडं, ती सकाळच तुम्हाला खात्रीची राहिलेली नाही.

थांबलो होतो. आदल्या रात्री मी साताऱ्याला मुक्कामाला होते, सकाळी आपण जीपने निघालो. सांगलीकडे वळायच्या आधी, डाव्या हाताला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे त्याच्या शेजारच्या टपरीवर. साडेसात झाले होते. तुम्ही दोन चहा सांगितलेत, माझा बिनसाखरेचा. टपरीवाल्याने दोन्हींत साखर घातली. तुम्ही माझाही प्यायलात आणि मला तिसरा सांगितलात. मग म्हणालात, "क्रांती, ती कमजोर उडी आजपासून बंद. दोन वर्सं झाली, पण माझा हात अजून जुन्याच सवयीनं जातोय. घोटाळा हुईल. उडी मारली की ताकद हाय असं समजायचं. चालंल?"

मी म्हणाले, "चालेल."

तुम्ही म्हणालात, "कार्डावर दुरुस्ती कर." मी म्हणाले, "लॅमिनेशनवर पेन चालत नाही. कोणी विचारलं तर तोंडी सांगू." तुम्ही म्हणालात, "तुमच्या लॅबवाल्यांचं एकेक." आणि आपण निघालो.

हे सगळं मला आठवतं. पहिलं पत्र लिहिताना आठवत होतं. जोतीराम सरांनी विचारलं तेव्हाही आठवत होतं.

शिवतेजने अर्थ विचारला तेव्हा मात्र आठवत नव्हतं. दुपार झाली होती, चोवीस बोर्ड झाले होते, डोक्यात छापलेलं कार्ड होतं आणि मी ते वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. मी इस्पिकची उतारी केली. तुम्ही राणीने हात घेतलात, मग राजा आला. मग एक्का. तिसऱ्या पानाला मला पेठ नाका आठवला. उरलेले दहा हात मी खेळले ते काय खेळले ते मला माहीत नाही.

विसरले ती मी. तुम्ही नव्हे.

सर समोर उभे होते. माझ्याजवळ दोन शब्द होते, "मी विसरले." ते बोलले असते तर अकराशे गेले असते. निकाल खरा अर्थ कळल्यावर काय झालं असतं ते धरून लागतो: शिवतेज गप्प बसला असता, मी उडी कमजोर समजून दोन इस्पिकवर पास केला असता आणि आपण तिथेच अडकलो असतो. तीच पानं घेऊन बाकीच्या टेबलांवर स्लॅम, म्हणजे बारा हातांची बोली, झाला होता. म्हणजे सगळ्यांत वरचा आकडा जाऊन सगळ्यांत खालचा आला असता, आणि दुसरा क्रमांक गेला असता. पण मी चषकासाठी खोटं बोलले असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं होणार नाही. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या उपकरणांवर "बरोबर" किंवा "बाद" अशी सही करते. मी विसरले असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही, तुम्हालाही नाही. तिथे चौदा टेबलं होती. समोरच्या खुर्चीत तुम्ही होतात आणि तुमचे एकाहत्तर वर्षांचे केस पांढरे होते. ते जास्त सोपं होतं.

तुम्ही आपलं नुकसान करून घ्यायला हात वर केलात. मी तुमचं नुकसान करून ठेवलं.

तुम्ही वही बंद करा. शेंगांची चटणी लिहून ठेवायची गरज नाही.

क्रांती


सांगली
४ मार्च

आप्पा,

उत्तराची वाट बघितली नाही, कारण ९ तारीख जवळ होती. काय काय केलं ते लिहिते.

आधी आत्याचा फोन. रविवारी सकाळी तिनेच केला. "कागद वाचला त्यानं. दोनदा वाचला. मग उठून म्हशीला पाणी पाजलं. मग आत येऊन म्हणला, 'बनू, माझं डोस्कं ठीक हाय गं.' आन् उंबऱ्यावर बसून रडला. म्हातारा माणूस, पोरासारका." मग म्हणाली, "तू लय वंगाळ केलंस, पोरी. मी तुला बोलणार न्हाई आता म्हैनाभर." आणि तरी पंधरा मिनिटं बोलली.

दादाला मी गुरुवारीच सांगितलं होतं. सगळं, चहाच्या साखरेसकट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तायडे, नाटक करू नकोस."

"नाटक नाही."

"आप्पांना पुण्याला यायचं नसेल, त्यांनी तुला गळ घातली असेल. तू त्यांच्यासाठी स्वतःवर घेतेयस. मला कळतं. पण तू आणि विसरलीस? दहावीत परीक्षेला निघताना माझं हॉलतिकीट तू आठवणीने आणून दिलं होतंस."

मी खोटं बोलले तेव्हा त्याने एका क्षणात विश्वास ठेवला होता. आता खरं सांगत होते तर त्याला ते माझं चांगलं मन वाटत होतं. मी त्याच्यावर ओरडले. आप्पा, मी कधी ओरडत नाही, तो घाबरला, पण पटलं नाही. मला साक्षीदार नव्हता. तुम्ही साक्षीदार, आणि तुमचीच साक्ष मी बाद करून ठेवलेली.

दोन दिवस मला बसवत नव्हतं. कामावर उभ्यानेच जेवले. रविवारी दुपारी जोतीराम सरांच्या घरी गेले, त्यांनाही सगळं सांगितलं, आणि त्या दिवसाची पानांची पत्रकं आणि निकालाचे तक्ते मागितले. सर उठले. कपाटातून फाइल काढून दिली आणि चष्मा पुसत बसले.

पाचव्या बोर्डावर सापडलं. सकाळचं सत्र, आपण पेठ नाक्यावरून येऊन तासही झाला नव्हता. तेव्हाही मी एक चौकटने सुरुवात केली होती. तुमच्याकडे इस्पिकची सहा पानं होती आणि सगळे मिळून चार पॉइंट. छापील कार्डाप्रमाणे ही कमजोर उडीची जागा, पुस्तकात दाखवावी अशी. तुम्ही उडी मारली नाहीत. पास केलात. चौदा टेबलांपैकी आपल्या एकट्याच्या तक्त्यावर "एक चौकट" आहे, बाकी सगळीकडे इस्पिक. म्हणजे सकाळचा करार तुमच्या डोक्यात पक्का होता. कमजोर हाताला उडी बंद. तुम्ही तो पाळलात आणि पंचविसाव्यालाही पाळलात.

आणखी एक. एक चौकटचा डाव मी खेळले, म्हणजे नियमाप्रमाणे जोडीदाराची, तुमची पानं टेबलावर उघडी मांडलेली होती. सहा इस्पिक माझ्या डोळ्यांसमोर होती. तुम्ही उडी का मारली नाही, असं मी विचारलं नाही. मला नवलही वाटलं नाही, कारण मला तेव्हा कारण माहीत होतं. तो तक्ता तुम्हाला सोडवतो आणि मला अडकवतो. मी तसं लिहून, सही करून सरांना दिलं.

सरांनी सोमवारी दादाला फोन केला. दादाचा नंतर मला आला. "तुम्ही ब्रिजवाले ठार वेडे आहात. एक तास समजावत होते मला. तीन मिनिटांत कळलं होतं, पण ते थांबेनात! शेवटी म्हणाले, 'ऋषिराज, तुमच्या वडिलांनी त्या दिवशी एकही गोष्ट विसरलेली नाही.'" मग म्हणाला, "आणि गॅस?"

"गॅस मीही दोनदा चालू ठेवला आहे."

"टाकी?"

"टाकी तुझ्या सोसायटीचीपण वाहते."

नातीच्या नावाचं त्याने विचारलं नाही. दोघी पोरींचा आवाज एकच, त्याचाही घोटाळा होतो, असं आपणहून म्हणाला.

९ तारखेला तो येईल, पण तुम्हाला न्यायला नव्हे. घर राहील, जीप राहील. डॉक्टरांकडे एकदा जायचं, वयाप्रमाणे, एवढं त्याचं म्हणणं आहे. ते मला रास्त वाटतं. तुम्हाला वाटलं तर जा. माझ्या वाक्यावरून जाऊ नका.

क्लबने आपला निकाल दुरुस्त केला. दुसरा क्रमांक शिवतेजच्या जोडीला गेला, चषक मी आज देऊन आले. मला सहा महिने खेळता येणार नाही. तुमच्या नावाला काही नाही. शिवतेजला मी सांगितलं की त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, मी कॅप्टनसाहेबांना फोन करतो." करतो म्हणाला. केला की नाही ते तुम्हाला माहीत.

मी माफी मागितलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मागायला यायला हवं, कागदावर नको असं वाटतं. आणि यायचं धाडस अजून साताऱ्याच्या स्टँडपर्यंतच आहे.

क्रांती


सांगली
२४ मार्च

आप्पा,

काल तुम्ही धनाजीकाकांना घेऊन रविवारच्या खेळाला येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर आकडे टाकत होते. खेळायची बंदी आहे, आकडे टाकायची नाही, आणि सरांना माणूस हवं होतं. दारातून आधी तुमची टोपी दिसली. मी खाली बघितलं आणि एकाच बोर्डाचे आकडे दोनदा टाकले.

जीप तुम्हीच चालवत आणलीत, हे काकांनी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. "कऱ्हाडपासनं मला झोप, ह्यांना न्हाई! वाटंत मी विचारलं, साहेब, आपली उडी कसली? तर म्हणत्यात, धनाजी, उडी मारायचीच न्हाईस तू, चालत जा." सगळे हसले. तुम्हीही. शिवतेज उठून तुमच्यासाठी खुर्ची ओढून उभा राहिला. तुम्ही बसलात, आणि चार तास माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी मोजत होते असं नाही, पण टेबलं सात होती आणि माझ्यासमोरून तुम्ही सहा वेळा गेलात.

शेवटी तुम्ही आलात. टेबलाशी उभे राहून म्हणालात, "चौदाव्या बोर्डाला तू आम्हाला चारशे वीस टाकलेत. चारशे पन्नास पायजेत. अकरा हात झाले आमचे."

दोन महिन्यांत तुमच्या तोंडचे मला हे पहिले शब्द.

माझ्यासमोर चिठ्ठी होती. चार बदाम, दहा हात, दोन्ही बाजूंच्या सह्या. चारशे वीस बरोबर होते. आप्पा, मला खरंच वाटलं की चारशे पन्नास टाकावेत. कुणाचं काही बिघडलं नसतं, तुम्ही त्या बोर्डाने ना वर जात होतात ना खाली. तुम्हाला तुम्ही बरोबर आहात असं मी एकदा तरी म्हणायला हवं होतं.

मी म्हणाले, "दहा झाले आहेत, आप्पा. चिठ्ठीवर दहा आहेत."

तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत. मग माझ्याकडे पाहिलंत, सरळ. आणि चिठ्ठी घेऊन हॉलच्या पलीकडच्या टोकाला गेलात, जिथे ती दुसरी जोडी चहा पीत उभी होती. माझ्या शब्दावर तुम्ही थांबला नाहीत. मी तुम्हाला जाताना बघत होते. तुमची चाल अजून परेडची आहे. तुम्ही त्यांना काही विचारलंत, त्यांनी बोटांवर हात मोजले, तुम्हीही मोजलेत. सर मला म्हणाले, "पंधरावा टाका की." मी म्हणाले, टाकते.

जाऊन विचारलंत ते योग्य केलंत, एवढं सांगायला हे पत्र आहे. माझं उत्तर खरं होतं आणि ते पुरेसं नव्हतं. पुढेही विचारत जा, माझ्यासमोर, कुणालाही. मला चालेल.

तुम्ही परत येऊन "दहाच" म्हणेपर्यंत मी पुढचा आकडा टाकला नाही.

क्रांती